फक्त गवत कापतानाच तापणारा ट्रॅक्टर: एका प्रकरणाचा पूर्ण हिशोब

तक्रार एका ओळीची होती. ट्रॉली ओढताना, लोडरनं माती हलवताना ट्रॅक्टर अगदी व्यवस्थित, आणि मोवर लावून गवत कापायला घेतलं की अर्ध्या तासाच्या आत टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात, मग बाजूच्या बाटलीतून फसफसून पाणी बाहेर. थांबवायचा, थंड होऊ द्यायचा, पाणी भरायचं, परत सुरू. ज्यांचा ट्रॅक्टर ते काका ओळखीतले, नोकरीतून निवृत्त झालेले, मशीन स्वतः चालवतात आणि जमेल तेवढं स्वतः बघतात. त्यांना दोघांनी सांगितलेलं की हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक ह्यांच्यामधलं पातळ सील) गेलंय, इंजिन उघडा. घरातल्यांचं म्हणणं वेगळंच, २५ एचपीचा छोटाच पडतोय, हा विकून ३५ एचपीचा घ्या. म्हणजे एकीकडे इंजिन उघडायचा खर्च आणि दुसरीकडे नवीन ट्रॅक्टर, आणि मधे कोणी मोजून काहीच बघितलेलं नाही.

मशीनची माहिती आधी. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (म्हणजे क्लच-गिअरच्या खटपटीऐवजी पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे), फोर व्हील, पुढे लोडर, आणि पोटाखाली तीन पात्यांचा ६० इंची मोवर. वय नऊ वर्षं, अवर मीटरवर ६४० च्या आसपास तास. जागा सहा एकर, त्यातलं चारेक एकर गवत कापायचं, बराचसा भाग सपाट आणि मागचा तुकडा चढाचा, तिथे गवत उंच वाढतं.

आता हे ६४० तास. शेतीच्या मोठ्या ट्रॅक्टरला एवढे तास एका वर्षात होतात, म्हणून काकांना वाटायचं की आपलं मशीन अजून नवीनच आहे. पण कूलंट (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते द्रव), रबरी नळ्या, बेल्ट, रेडिएटरच्या झाकणाचं रबर, ही मंडळी तास बघत नाहीत, कॅलेंडर बघतात. नऊ वर्षांत इंजिन ऑइल पाच-सहा वेळा बदललेलं, ते ठीक, कूलंट एकदाही नाही. कमी चालणाऱ्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं आहे, तास भरत नाहीत म्हणून सर्व्हिसची वेळच येत नाही.

आणि तोपर्यंत काय काय करून झालेलं ते ऐकलं तर अर्धं उत्तर त्यातच होतं. थर्मोस्टॅट काढून टाकलेला, "पाणी मोकळं फिरू दे" म्हणून. कूलंट उकळून बाहेर गेलं तसतसं बोअरचं साधं पाणी भरत गेलेले, म्हणजे आत आता जवळजवळ नुसतं पाणीच. रेडिएटर प्रत्येक कापणीनंतर प्रेशर वॉशरनं समोरून धुतलेला. आणि इंजिनला त्रास नको म्हणून कापताना रेस कमी, साधारण २००० आरपीएम. ह्यातली प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूनं केलेली आणि प्रत्येकीनं थोडी थोडी भरच घातलेली.

थर्मोस्टॅटचं आधी सांगतो कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो. बऱ्याच इंजिनांमध्ये थर्मोस्टॅटचं काम दुहेरी असतं, गरम झाल्यावर रेडिएटरकडचा रस्ता उघडायचा आणि त्याच वेळी बायपासचा रस्ता बंद करायचा. तो काढून टाकला की बायपास कायम उघडा, मग काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत फिरत राहतं. शिवाय हलक्या कामाला इंजिन नीट तापतच नाही, गार डिझेल इंजिन धूर करतं, ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेलं डिझेल जमत जातं. त्यामुळे ट्रॉलीच्या कामाला काटा अगदी खाली बसलेला दिसायचा आणि काका म्हणायचे बघ किती थंड चालतो. तो थंड चालत होता हीच तक्रार समजायला हवी होती.

मग मूळ प्रश्न, फक्त मोवरलाच का तापतो. ट्रॉली ओढणं किंवा लोडरचं काम बघायला जड वाटतं, पण तिथे इंजिनावर पूर्ण भार काही सेकंदच येतो, बकेट भरताना जोर, मग रिकामं मागे जाणं, मग थोडं थांबणं. तासाचा सरासरी भार काढला तर कमीच. गवत कापताना तसं नसतं, तीन पाती सतत फिरतायत, त्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला ८०-९० मीटर, ट्रॅक्टर सतत पुढे चाललाय, आणि दम खायला एक सेकंद नाही. डिझेल इंजिनाचा ढोबळ हिशोब असा की इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बराचसा पाण्यातून रेडिएटरला. म्हणजे २५ एचपी, १८-१९ किलोवॅट, जेवढं काम मिळतं साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरनं बाहेर फेकायची, तीही सलग तीन तास. त्यावर हायड्रोस्टॅटचं वेगळंच. गिअरच्या मानानं ह्या ट्रान्समिशनमध्ये ऊर्जा जास्त वाया जाते, चाकाकडे जाणाऱ्या ताकदीतली पाचवा-चौथा हिस्सा तरी तेल तापवण्यात जाते, आणि ते तेल थंड करणारा ऑइल कूलर बसवलेला असतो कुठे, तर रेडिएटरच्या बरोब्बर पुढे. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून येते.

हे सगळं कागदावर. आता बघायला सुरुवात कुठून करायची ह्यावर माझं मत पक्कं आहे, की पार्ट बदलून बदलून शोधायचं नाही, आधी मोजायचं. काकांचा मीटर म्हणजे निळा, हिरवा, लाल असे पट्टे, आकडा कुठेच नाही. त्यामुळे साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला, थर्मोस्टॅटच्या घराला काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, कारण चकचकीत धातूवर हा थर्मामीटर चुकीचं आणि बहुतेक वेळा कमीच तापमान दाखवतो. मग काकांना म्हटलं, तुम्ही नेहमी कापता तसंच कापा, फक्त सपाट तुकडाच, एकाच दिशेनं, रेस २५०० वर ठेवून, ह्या ट्रॅक्टरला पीटीओचा (इंजिनाची ताकद मोवरला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा) ठरलेला वेग तिथेच मिळतो. हवेचं तापमान ३१. बावीस मिनिटांनी थांबवावं लागलं, घरावर १०५, काटा लालच्या तोंडाशी आणि बाटली फसफसायला लागलेली. तापमान एका जागी स्थिरच झालं नव्हतं, चढतच होतं. तर मीटर खोटं बोलत नव्हता, एवढं नक्की झालं.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक भाजतात. दाबाखालचं पाणी १०० च्या वर असतं, झाकण सैल केलं की क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पुढचं केलं.

हेड गॅस्केटचं आधी निकाली काढायचं होतं, कारण तो निकाल लागल्याशिवाय काका दुसरं काही ऐकायलाच तयार नव्हते. झाकण काढून इंजिन सुरू केलं, सुरुवातीला दोन-चार बुडबुडे, ते अडकलेल्या हवेचे, मग काही नाही. गॅस्केट फुटलेलं असेल तर बुडबुडे थांबत नाहीत, आणि झाकण लावून सुरू केलं तर वरची नळी पाणी तापायच्या आधीच मिनिटाभरात कडक होते. तशी झाली नाही. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, दुधाळपणा नाही. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळं टेस्ट लिक्विड मिळतं, पाण्यात जळलेला वायू येत असेल तर त्याचा रंग बदलतो, तेही करून बघितलं, निळं ते निळंच राहिलं. गॅस्केट ठीक. इंजिन उघडायचा विषय इथे संपला, काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

झाकण मात्र गेलेलं होतं. त्यावर ०.९ बार छापलेलं, टेस्टरला लावलं तर ०.३ च्या आसपासच सोडून देत होतं. हे फार लोक मनावर घेत नाहीत. झाकणाचं काम फक्त भोक बंद करणं एवढंच नाही, त्या दाबामुळे पाण्याचा उकळबिंदू वर जातो. अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं, ०.९ बारच्या झाकणाखाली १२५ च्या पुढे. नुसतं पाणी आणि ०.३ चं झाकण म्हटलं तर १०७ ला उकळणार, आणि हेडच्या आत काही जागा घरापेक्षा जास्त तापलेल्या असतात तिथे त्याच्याही आधी. म्हणजे जे मशीन १०५ ला नुसतं गरम म्हणून चालत राहिलं असतं ते इथे उकळून पाणी फेकत होतं, पाणी कमी झालं की अजून तापत होतं, आणि मग परत बोअरचं पाणी.

आता रेडिएटर. समोरून बघितला तर लखलखीत. पुढची जाळी स्वच्छ, ऑइल कूलर स्वच्छ. काका म्हणाले, "बघ, मी दर वेळी धुतो." मी इंजिनाच्या बाजूनं, पंख्याच्या मागून टॉर्च लावला आणि समोर जाऊन बघितलं तर उजेड फक्त वरच्या कोपऱ्यातून येत होता. बाकी सगळा अंधार. ऑइल कूलरचे दोन बोल्ट काढून तो नळ्यांसकट पुढे झुकवला, तर मधल्या दोन बोटांच्या फटीत गवताची कुसळं, भुसा आणि धूळ ह्यांचं घोंगडं जमलेलं, हातानं धरून उचलता येईल असं. समोरून प्रेशर वॉशर मारला की पहिल्या थरातलं निघतं आणि उरलेलं पाण्याच्या जोरानं आत दाबून बसतं, वाळल्यावर घट्ट होतं. शिवाय त्या प्रेशरनं फिन्स (रेडिएटरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) जागोजागी आडव्या झालेल्या, जिथे फिन आडवी तिथे हवा बंद.

साफ करायची दिशा नेहमी उलटी, म्हणजे हवा ज्या बाजूनं येते तिच्या विरुद्ध, पंख्याच्या बाजूनं पुढे. आणि कंप्रेसरची हवा असेल तर दाब कमी ठेवून, नळी सरळ फिनच्या रेषेत धरून, तिरकी मारली तर परत फिन्स वाकतात. आधी कोरडंच झाडून काढायचं, पाणी शेवटी आणि तेही साध्या नळीचं. फिन्स सरळ करायची कंगव्यासारखी पट्टी मिळते, ती घेऊन काका दुपारभर बसले, मी म्हटलं होतं थोडंच करा पण त्यांना त्यात मजा यायला लागली. अजून एक सापडलं, रेडिएटरच्या कडेनं आणि बॉनेटच्या मधे जी स्पंजची पट्टी असते ती एका बाजूला गळून गेलेली. ती नसली की पंखा समोरून गार हवा ओढायच्या ऐवजी कडेच्या फटीतून इंजिनाचीच गरम हवा परत ओढतो. कवडीमोल वस्तू, कोणी बघत नाही. पंख्याचा बेल्ट ठीक होता, मधे अंगठ्यानं दाबून एक सेंटिमीटरच्या आसपास लवत होता.

इथे काकांना वाटलं झालं काम, भरा पाणी आणि लावा मोवर. मी त्यांना एकच विनंती केली की एका वेळी एकाच बाजूचं काम करायचं आणि प्रत्येक वेळी त्याच तुकड्यात, त्याच रेसवर, तेवढ्याच वेगानं कापून आकडा घ्यायचा. नाहीतर सगळंच एकदम बदललं की मशीन बरं होतं पण नक्की कशानं झालं ते कळत नाही, आणि दोन वर्षांनी परत आजारी पडलं की परत पहिल्यापासून. गवत वाढायला वेळ लागतो त्यामुळे ह्यात आठवडे गेले, पण काकांना घाई नव्हती.

नुसत्या सफाईनंतर, बाकी सगळं तसंच ठेवून, हवा ३० असताना तापमान ९८ ला येऊन थांबलं. थांबलं हे महत्त्वाचं. आता अर्धा तास कापा नाहीतर तास, ९८ च्या वर जात नव्हतं. पण चढावर गेलं की परत १०२-१०३, आणि बाटलीत पाणी चढायचं.

मग पाण्याची बाजू. जुनं पाणी काढलं तर तांबूस, तळाशी गाळ. बोअरच्या पाण्यातले क्षार गरम धातूवर पापुद्र्यासारखे बसतात आणि उष्णता अडवतात, वर गंज वेगळा कारण कूलंटमधले गंजरोधक घटक केव्हाच संपलेले. ह्या ट्रॅक्टरचा रेडिएटर तांब्या-पितळेचा म्हणून सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणानं धुतला, ॲल्युमिनियमचा असता तर अ‍ॅसिडच्या वाटेला गेलो नसतो, त्यासाठी बनवलेला क्लीनरच वापरला असता. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं, मग अर्धं अर्धं कूलंट. नवीन झाकण, नवीन स्पंजपट्टी, आणि नवीन थर्मोस्टॅट, ८२ अंशांचा. बसवायच्या आधी भांड्यात पाणी तापवून उघडतो का बघितला, नवीनही खराब निघतात. त्याच्या तबकडीवर छोटीशी हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला ठेवायची, त्यातून अडकलेली हवा निघते.

एवढ्या सगळ्यानंतर आकडा आला ९५. खरं सांगायचं तर मला जास्त फरक अपेक्षित होता. उकळणं पूर्ण बंद झालं, बाटलीची पातळी गरम झाल्यावर वर आणि गार झाल्यावर परत खाली यायला लागली, म्हणजे झाकणाचे दोन्ही व्हॉल्व्ह काम करतायत, पण तापमान म्हणाल तर फक्त तीन अंश. काका खूश होते, चालेल म्हणाले. पण दोन गोष्टी खटकत होत्या. २५०० वर लावलेली रेस कापताना २२५० पर्यंत खाली बसत होती, गवत फार उंच नसतानाही. आणि हायड्रोस्टॅटच्या फिल्टरवर थर्मामीटर धरला तर ९२. इंजिन आता उष्णता नीट बाहेर टाकत होतं, पण मुळात उष्णता तयारच जास्त होत होती.

उष्णता कोण तयार करतंय ते बघायला पोटाखाली जावं लागलं, आणि ह्या अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस वाटला तो ह्या भागात, कारण आधी ज्यांनी ज्यांनी हा ट्रॅक्टर बघितला त्या सगळ्यांनी बॉनेट उघडलं आणि मोवरकडे कोणी वाकूनही बघितलं नव्हतं. तापतंय इंजिन, म्हणजे बघायचं इंजिन. पण ट्रॅक्टर आणि मोवर कापताना एकच मशीन असतात. पात्यापाशी जेवढा विरोध तेवढा बेल्टवर, तेवढा पीटीओवर, तेवढा इंजिनावर, आणि शेवटी तेवढा रेडिएटरवर.

पहिली गोष्ट कापणी संपल्या संपल्या केली. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, पाती थांबलेली, आणि मग तिन्ही स्पिंडलच्या (पातं ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या) घरांवर थर्मामीटर. डावं ४८, मधलं ५१, उजवं ९३. एवढा एकच आकडा आधी कोणी घेतला असता तर बरंच काही वाचलं असतं. मोवर ट्रॅक्टरखालून काढला, बेल्ट उतरवला आणि पाती हातानं फिरवली, जाड हातमोजे घालूनच. दोन मोकळी फिरली, उजवं घरघर करत अडकत फिरलं. उलटं केलं तर पात्याच्या वर स्पिंडलभोवती नायलॉनची सुतळी गुंडाळलेली, इतकी घट्ट की वितळून एकजीव झालेली. ती सुतळी सील कापत आत गेली, सीलमधून धूळ आणि पाणी बेअरिंगमध्ये, आणि पाणी कुठून, तर परत तोच प्रेशर वॉशर. मोवरच्या वरच्या बाजूनं स्पिंडलवर प्रेशरचं पाणी मारू नये. बेअरिंग नेहमीचंच सील्ड बॉल बेअरिंग, नंबर सीलवर छापलेला असतो, खालचं-वरचं दोन्ही बदलली.

पाती बोथट म्हणणं कमीच, कडा गोल झालेल्या. धारदार पातं गवत कापतं, बोथट पातं ते मारून तोडतं, आणि मारून तोडायला ताकद जास्त लागते. कापलेल्या गवताची टोकं बघितली तर कळतं, फाटलेली आणि दोन दिवसांनी पांढरट पडलेली. काकांना वाटायचं गवताला रोग पडलाय. धार मूळ कोनातच लावायची, साधारण ३० अंश, पातं ग्राइंडरवर निळं पडेपर्यंत तापवायचं नाही, नाहीतर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही. मग खिळ्यावर मधल्या भोकात अडकवून समतोल बघायचा, जी बाजू खाली जाईल तिथे पाठीकडून थोडं घासायचं. असमतोल पात्याचा हादरा थेट बेअरिंग खातो. वाकलेलं किंवा तडा गेलेलं पातं ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ फेकायचं.

आणि डेकचा, म्हणजे पाती झाकणाऱ्या मोवरच्या लोखंडी कवचाचा, कोन. पोटाखालच्या मोवरमध्ये पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा किंचित खाली असायला हवं, बऱ्याच मोवरना ३ ते ८ मिमी, नक्की आकडा आपापल्या पुस्तकात असतो. काकांच्या डेकचं मागचं टोक १० मिमी खाली होतं. कधीतरी मोवर काढून परत लावताना मागच्या साखळ्या उलट्या कड्यात अडकवल्या गेल्या असणार. ह्याचा परिणाम असा की पात्याचं पुढचं टोक एकदा कापतं आणि मागचं टोक तेच गवत खालून परत कापतं. दुप्पट काम, फळ शून्य. डेकच्या आतून दोन बोटं जाडीचं वाळलेलं गवत, त्यामुळे कापलेलं बाहेर फेकायला जागा नाही, तेही आतल्या आत फिरत राहणार. खरवडून काढलं. डेकखाली काम करताना तो ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली हात घालू नका, हायड्रॉलिक कधीही खाली बसतं, लाकडी ठोकळे किंवा जॅक स्टँड हवेतच.

राहिला लोडर. गवत कापताना तो पुढे लावलेलाच असायचा, बकेटसकट तीनशे किलोच्या आसपास वजन, ते फुकट चार एकर फिरवून आणायचं आणि प्रत्येक वळणाला पुढच्या चाकांनी गवत उपटायचं. त्यात काका बकेट अशा उंचीला धरायचे की ती बरोब्बर ग्रिलसमोर. काढायला पाच-दहा मिनिटं लागतात, स्टँडवर उभा राहतो. काढला.

रेसचा वाद मात्र बराच चालला. काकांचं म्हणणं, कमी रेस म्हणजे कमी डिझेल आणि कमी ताप. ऐकायला बरोबर वाटतं. पण पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनावरच चालतात, २५०० ऐवजी २००० केलं की हवाही साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी आणि पाणीही कमी, भार मात्र तसाच. पात्याचा वेगही तेवढाच कमी, मग गवत नीट कापलं जात नाही आणि त्याच जागी दुसरी फेरी. पीटीओचा वेग ठरलेलाच ठेवायचा, आणि इंजिन दबतंय असं वाटलं तर पेडल सोडून पुढे जायचा वेग कमी करायचा. चढावर मीडियमऐवजी लो रेंज, कारण मीडियममध्ये पेडल अर्धवट दाबून चढलं की हायड्रोस्टॅटमध्ये दाब वाढतो आणि ते तेल तापत राहतं, ते ९२ बहुतेक तिथूनच आलेलं. आणि उंच गवत एका दमात बुटकं करायचं नाही, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, जास्तच वाढलं असेल तर डेक वर ठेवून एकदा आणि काही दिवसांनी खाली करून परत.

हे सगळं झाल्यावर तोच तुकडा, हवा ३१. थर्मोस्टॅटच्या घरावर ८७, रेस २५०० वरून २४२० पर्यंतच खाली, हायड्रोस्टॅटच्या फिल्टरवर ७४, तिन्ही स्पिंडल पन्नाशीच्या आत-बाहेर. म्हणजे पाण्याच्या बाजूच्या सगळ्या खर्चानं तीन अंश गेले आणि धार, बेअरिंग, साखळीची एक कडी आणि लोडर काढणं ह्यांनी आठ. कूलंटचं काम फुकट गेलं असं नाही, ते नसतं तर गंज आणि उकळणं चालूच राहिलं असतं. आणि सफाईचा वाटा किती ते सांगताच येत नाही, कारण त्याआधी तापमान स्थिरच होत नव्हतं.

वेळेचा हिशोबही बघा. ६० इंच म्हणजे दीड मीटर रुंदी, ताशी ५ किमी वेग, दर फेरीला थोडं एकावर एक धरलं तर तासाला साधारण ६४०० चौरस मीटर, चार एकराला अडीच तास. काकांना थांबण्यासकट अख्खा दिवस जायचा, आता वळणं धरून तीन तासांच्या आत होतं. पूर्ण कापणीला आधी १४ लिटरच्या आसपास डिझेल जायचं, आता ११, तेही जास्त रेसवर. ह्या आकड्यानं वाद मिटला, माझ्या बोलण्यानं मिटला नव्हता. ३५ एचपीचा विषयही घरात मागे पडला.

आता काकांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. प्रत्येक कापणीनंतर जाळी काढून झटकणं आणि सायलेन्सरभोवतीचा भुसा काढणं, हे दुसरं तापण्यापेक्षा आगीसाठी जास्त महत्त्वाचं, वाळकं गवत गरम सायलेन्सरवर पेट घेऊ शकतं, म्हणून गरम ट्रॅक्टर लगेच चाऱ्याशेजारी लावायचा नाही. महिन्यातून एकदा पंख्याच्या मागून टॉर्च. दर २५ तासांनी पाती बघणं आणि स्पिंडलचं तापमान घेणं. कूलंट दोन वर्षांनी, तास कितीही असोत. एअर फिल्टर मात्र सारखा काढून झटकायचा नाही असं मी मुद्दाम लिहायला लावलं, कारण काकांचा उत्साह आता वाढलाय, आणि प्रत्येक वेळी फिल्टर काढला की थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच. आतला छोटा फिल्टर तर साफ करायचाच नसतो, बदलायचा असतो.

दोन गोष्टी राहिल्यात. मागच्या चढावर वारा पाठीमागून असेल तर तापमान अजूनही ९३ पर्यंत जातं, कारण ट्रॅक्टरची गरम हवा वाऱ्याबरोबर परत पुढे येते आणि ग्रिल तीच ओढतं. तो तुकडा काका आता सकाळी आधी उरकतात, वर-खाली सरळ फेऱ्यांनी, आडवा नाही, आरओपीएस (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी मागची लोखंडी कमान) उभा आणि पट्टा लावून. दुसरं म्हणजे वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकापाशी सुकलेल्या कूलंटचा हिरवट डाग दिसतोय. सील जुनं होत चाललंय असा त्याचा अर्थ, पण अजून थेंब पडत नाही, बेअरिंग ढिलं नाही. बेल्ट काढून पुली हलवून बघितली, घट्ट आहे. पंप आणून ठेवलाय, पुढच्या कूलंट बदलाला बसवायचा, त्याआधी थेंब सुरू झाले तर आधीच.